शांतता! गणित चालू आहे

'पीस स्टडीज' हे दोन शब्द आपल्या कँटीनमध्ये जरा मोठ्यानं उच्चारून बघा. समोरून दोनच प्रतिक्रिया येतात. पहिली : "म्हणजे ते योगा, मेडिटेशन वगैरे का?" दुसरी : "ग्रेट यार! आपल्याला नाही बाबा जमणार असलं." पहिल्या प्रकारच्या माणसाला एक कटिंग पाजून समजावता येतं. माझं भांडण दुसऱ्या प्रकाराशी आहे. कारण 'ग्रेट यार' म्हटलं की विषयच संपतो. एकदा तुम्हाला देव्हाऱ्यात बसवलं, की तुम्ही नेमकं काय शिकणार, पेपर कोणते, नोकरी कुठे, असले साधे प्रश्न कुणी विचारत नाही. एम.एस.ला जाणाऱ्याला कसे धडाधड विचारतात! युनिव्हर्सिटी कुठली, फंडिंग आहे का, लोन किती... आमच्या वाट्याला नुसता नमस्कार.

'आमच्या' म्हटलं, कारण मी बी.ई. मेकॅनिकलच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे आणि गेट दिलीय ती टर्बाइनसाठी नाही. गावातलं पाणी, गावातली ऊर्जा आणि त्यावरून होणारी (किंवा न होणारी, त्याबद्दल पुढे) भांडणं या विषयात मला एम.टेक. करायचंय. जमलं तर पुढे पीएच.डी. आणि मग शिकवायचंय. घरी ही बातमी फुटली आणि संध्याकाळी आत्याचा फोन आला. "अगं, आधी चार वर्षं नोकरी कर, सेटल हो, मग कर ना काय समाजसेवा करायची ती." आत्याला दोष देत नाही. तिनं आयुष्यभर लोकांना रिटायर झाल्यावरच समाजसेवा करताना पाहिलंय. पण मला सांगा, व्हीएलएसआय करणाऱ्या मुलाला कुणी म्हणतं का, की बाळा आधी सेटल हो, मग बनव तुझ्या चिपा?

मुद्दा एवढाच आहे मंडळी, की हा दानधर्म नाही. हा अभ्यासाचा विषय आहे. त्यात गणित आहे, फील्डवर्क आहे, फसलेले प्रयोग आहेत. आणि हा विषय ज्यांनी उभा केला त्यांतले बरेचसे लोक आपल्याच बिरादरीतले होते.

पटत नसेल तर मेकॅनिकलवाल्यांनी हीट ट्रान्सफरचं पुस्तक काढा. त्यात 'रिचर्डसन नंबर' सापडेल. न्यूमेरिकल मेथड्समध्ये 'रिचर्डसन एक्स्ट्रापोलेशन' सापडेल. दोन्हीकडे माणूस एकच : ल्यूइस फ्राय रिचर्डसन. जन्म १८८१, इंग्लंड. पंथानं क्वेकर, म्हणजे युद्धात शस्त्र हाती न धरणाऱ्यांतला. पहिल्या महायुद्धात त्यानं बंदूक घेतली नाही, पण घरीही बसला नाही. फ्रान्समध्ये जखमींची ॲम्ब्युलन्स चालवली. आणि ड्यूटी नसेल तेव्हा हा पठ्ठ्या हातानं हवामानाचा अंदाज काढत बसायचा. हातानं! २० मे १९१० या दिवसाचा, फक्त सहा तासांचा अंदाज. त्या आकडेमोडीला जवळपास सहा आठवडे लागले आणि उत्तर साफ चुकलं. सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारनं वाढेल असं निघालं. प्रत्यक्षात दाब जवळपास होता तिथेच होता. आपण काय केलं असतं ते मी सांगायला नको. रीडिंग 'मॅनेज' केलं असतं आणि जर्नलवर सही घेतली असती. रिचर्डसननं १९२२ च्या पुस्तकात ते चुकलेलं उत्तर जसंच्या तसं छापलं. आज कॉम्प्युटरवर जो पावसाचा अंदाज काढतात तो त्याच पद्धतीच्या पायावर.

१९२० मध्ये तिथलं हवामान खातं विमानदलाच्या मंत्रालयाखाली गेलं, तेव्हा यानं ती नोकरी सोडली. पुढे स्कॉटलंडमधल्या पेझ्ली टेक्निकल कॉलेजचा तो १९२९ ते १९४० प्रिन्सिपल होता. हो, टेक्निकल कॉलेज! सबमिशन, अटेंडन्स, सगळं सांभाळणारा माणूस. १९४० मध्ये मुदतीआधी निवृत्त झाला, कशासाठी, तर युद्धांचा अभ्यास करायला. १८२० पासूनच्या युद्धांची त्यानं यादी केली. मेलेल्या माणसांच्या संख्येचा लॉगॅरिदम घेऊन प्रत्येक तंट्याला एक आकडा दिला. एक खून म्हणजे शून्य, महायुद्ध म्हणजे सात. दर वर्षी किती युद्धं सुरू होतात हे मांडलं तर ते पॉइसाँ डिस्ट्रिब्यूशनला बसतं असं त्याला दिसलं. तेच ते, एम-थ्रीमध्ये आपण पाठ करून टाकून दिलेलं.

आणि शस्त्रस्पर्धेची त्याची दोन डिफरन्शियल इक्वेशन्स तर एस.ई.च्या कुठल्याही मुलाला सुटतील. माझी शस्त्रं किती वेगानं वाढणार? तुझ्याकडे जितकी जास्त, तितक्या वेगानं. माझ्याकडे आधीच जितकी जास्त, तितका खर्चाचा बोजा मला मागे ओढणार. आणि जुना राग असेल तर तो एक कॉन्स्टंट. तुझ्यासाठी असंच दुसरं समीकरण. आता दोघांच्या भीतीच्या गुणकांचा गुणाकार दोघांच्या थकव्याच्या गुणकांच्या गुणाकारापेक्षा मोठा झाला, की सिस्टिम अनस्टेबल. कंट्रोल सिस्टिम्सवाले लगेच ओळखतील : पोल उजवीकडे सरकला! यात कुणी दुष्ट असायची गरजच नाही. दोन्हीकडे भली माणसं असली तरी गणित तिकडेच जाणार.

मला हे समीकरण आधी पुस्तकात नाही भेटलं. ते भेटलं एका गल्लीत.

नव्या शैक्षणिक धोरणापासून 'कम्युनिटी एंगेजमेंट' किंवा 'फील्ड प्रोजेक्ट' अशा नावाचा एक विषय इंजिनिअरिंगलाही आला. तो कसा करतात हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. बॅनर छापायचा, एका शाळेत जायचं, प्लॅस्टिकचे तोटे सांगायचे, मुलांना बिस्किटं वाटायची, फोटो, जय हिंद. आमच्या ग्रुपनं गाव घेतलं. यात फार मोठा आदर्शवाद वगैरे नव्हता; ग्रुपमधल्या एकाचा मामा तिथं राहतो आणि मामी जेवण उत्तम करते, हे खरं कारण.

गावात नळयोजना आहे. खाली नदीकाठी उद्भव विहीर, वर टेकाडावर टाकी, तिथून गावभर पाइप. जलजीवन मिशनचा (२०१९ पासूनची ही योजना) निकष आहे माणशी रोज ५५ लिटर. ग्रामपंचायतीच्या कागदावर तेवढं पाणी टाकीतून सुटत होतं आणि भागिले लोकसंख्या केलं की उत्तर बरोब्बर येत होतं. आम्ही वीस लिटरची बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन नळोनळी फिरलो. टाकीजवळच्या आळीत बादली भरायला पन्नास सेकंद. शेवटच्या वस्तीत नऊ मिनिटं, आणि तेही पाणी आलं त्या दिवशी. हेड लॉस काढून पाहिला. पाइपचा व्यास, लांबी, उतार सगळं धरलं तरी एवढा फरक पडायला नको होता. मग पाणी सोडणाऱ्या काकांनी (त्यांना महिन्याला जे मिळतं त्याला पगार म्हणवत नाही) आम्हाला मागच्या दारानं घराघरांत नेलं. नळाला मोटर! अर्ध्या एच.पी.च्या, कुठे एक एच.पी.ची. नळ सुटला की सगळ्या मोटरी एकदम चालू. पाइपमधला दाब इतका पडतो की जिथं सांधा गळका आहे तिथून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणजे शेवटच्या घरी पाणी कमी येतं ते येतंच, वर घाणही येते.

"पहिली मोटर कुणी लावली?" आम्ही विचारत फिरलो. कुणालाच आठवत नाही. प्रत्येकाचं उत्तर एकच : "शेजारच्यानं लावली म्हणून लावली, नाहीतर आम्हाला काय हौस आहे का?" झालं की नाही रिचर्डसनचं समीकरण! तुझी मोटर बघून माझी. विजेचं बिल म्हणजे थकवा. पण वीज स्वस्त, म्हणून थकव्याचा गुणक लहान. गावकी म्हणजे जुन्या रागाचा कॉन्स्टंट. मी हे समीकरण नंतर लायब्ररीत वाचलं तेव्हा मला ती गल्लीच दिसायला लागली.

शेवटची वस्ती कोणाची, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. पाइपलाइन टाकताना कुणी मुद्दाम जात बघून टाकलेली नाही. गाव ज्या क्रमानं वसलं त्या क्रमानं पाइप गेला, एवढंच. त्या वस्तीतल्या बायका पहाटे तीनला उठतात, कारण तेव्हा वरच्या आळीतल्या मोटरी झोपलेल्या असतात आणि पाइपमध्ये उरलंसुरलं थोडं पाणी उतरतं. त्यावरून मारामारी? एकही नाही. पोलीस पाटलाकडे तक्रार? शून्य. गावाच्या वेशीवर पाटी आहे : 'तंटामुक्त गाव'. (ही राज्य सरकारची मोहीम, २००७ मध्ये सुरू झालेली.) पाटी खोटी नाही. तंटा खरंच नाही.

इथे दुसऱ्या एका गणितवाल्याची ओळख करून द्यायला हवी. योहान गाल्टुंग, नॉर्वेचा. गणित आणि समाजशास्त्र दोन्ही शिकलेला. सक्तीची लष्करी सेवा नाकारली म्हणून सहा महिने तुरुंगात गेला, आणि १९५५ मध्ये आर्ने नेस या तत्त्वज्ञाबरोबर त्याचं गांधीजींच्या राजकीय नीतीवरचं पुस्तक आलं. १९५९ मध्ये ऑस्लोत त्यानं शांतता-संशोधनाची संस्था उभी केली, १९६४ मध्ये या विषयाचं जर्नल काढलं. २०२४ मध्ये तो गेला. त्याची नंतरची काही मतं मला अजिबात पटत नाहीत, पण १९६९ च्या लेखात त्यानं जो फरक मांडला त्याला तोड नाही. मारामारी थांबलेली असणं ही एक शांतता, तिला तो 'निगेटिव्ह' म्हणतो. आणि जिथं रचनाच कुणाला मारत नाही ती दुसरी, 'पॉझिटिव्ह'. कुणीही हात उगारत नाही, कुणाच्या मनात वाईट नाही, तरी एका वस्तीतल्या मुलांना जुलाब होतात आणि दुसऱ्या वस्तीतल्या मुलांना होत नाहीत, तर ती हिंसाच. करणारा माणूस दाखवता येत नाही, पाइप दाखवता येतो. पाइप दाखवणं हे इंजिनिअरचं काम नाही तर कुणाचं?

आता कुणी म्हणेल, बाई, हे सगळं परदेशी. तर पुरंदरला चला. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे विलासराव साळुंखे तिकडे गेले. माणूस इंजिनिअर आणि कारखानदार, अचूक मोजमापाची उपकरणं बनवणारा. १९७४ मध्ये नायगावला देवस्थानची जमीन भाड्यानं घेऊन त्यांनी आधी स्वतः पाणी अडवून, जिरवून पाहिलं. आणि मग त्यातून 'पाणी पंचायत' उभी राहिली. तिचे नियम वाचा, एखाद्या मशीनच्या डिझाइनसारखे आहेत. पाण्याचा हक्क जमिनीवर नाही, माणसांवर. माणशी अर्ध्या एकराला पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी स्वतः घालायचा. यातला एकेक नियम म्हणजे पुढं होऊ शकणाऱ्या एकेका भांडणाचा आधीच काढलेला काटा. ऊस का नको? कारण एकानं लावला की शेजारीही लावणार (पुन्हा तेच समीकरण!) आणि टाकी सगळ्यांची रिकामी. साळुंख्यांनी 'पीस स्टडीज' हा शब्द वापरला की नाही याच्याशी मला घेणं नाही. २००२ मध्ये ते गेले. पाणी पंचायत सगळीकडे पसरली नाही, कारण उसाचं राजकारण तिच्यापेक्षा मोठं निघालं. पण हे आपल्या सिव्हिलच्या सिलॅबसमध्ये का नाही? इरिगेशनच्या पेपरात ड्यूटी आणि डेल्टा आहेत, पाणी कुणाला मिळावं यावर एक ओळ नाही.

असो. आमच्या गावात परत येते. शेवटच्या वस्तीत एका आजींनी आम्हाला बादली मोजताना पाहिलं आणि विचारलं, "पोरी, मागच्या वर्षीबी आलते मोजायला. तुमी लिवून नेनार. मंग?"

या 'मंग?' वर मला वाटतं आख्खी पीएच.डी. होऊ शकेल. गावं सर्व्हेंनी दमलीत. बी.एड.वाले येतात, एमएसडब्ल्यूवाले येतात, एनएसएसवाले येतात, आता आम्ही. प्रत्येकाला रिपोर्ट मिळतो, डिग्री मिळते. गावाला काय मिळतं? आम्ही निदान एवढं केलं, की गावाचे दोन झोन पाडून दोन व्हॉल्व्ह कुठे बसवायचे त्याचा नकाशा मराठीत काढला आणि शेवटच्या वस्तीची पाळी वेगळी आणि पहिली ठेवली, तर किती मिनिटांत किती पाणी पोचेल त्याचा तक्ता ग्रामसेवकांना दिला. पाळी वेगळी झाली की वरच्या आळीच्या मोटरी त्या वेळी बिनकामाच्या. सरपंचबाईंनी ते मनावर घेतलं. तीन आठवडे चाललं, मग यात्रा आली, पाहुणे आले आणि वेळापत्रक मोडलं. सध्या पुन्हा सुरू आहे असं काका फोनवर सांगतात. खरंखोटं उन्हाळ्यात कळेल.

कॉलेजात प्रेझेंटेशनला प्रश्न आला : "यात टेक्नॉलॉजी कुठे आहे?" ज्या ग्रुपनं पाण्याच्या तक्रारींसाठी ॲप केलं त्यांना आमच्यापेक्षा जास्त मार्क. ॲप छान होतं हो, कलर स्कीमसुद्धा सुंदर. गावात कुणी डाउनलोड केलं नाही, ही किरकोळ बाब.

टेक्नॉलॉजी कुठे आहे, हा प्रश्न फार थोर लोकांनाही छळून गेलाय. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अमूल्य रेड्डी होते. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीवरचं १९७० चं त्यांचं आणि बॉक्रिस यांचं पुस्तक जगभर शिकवलं जायचं. म्हणजे करिअर झकास चालू. १९७४ मध्ये या गृहस्थानं ग्रामीण तंत्रज्ञानासाठी 'अस्त्र' नावाचं केंद्र तिथंच काढलं. तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा नावाच्या छोट्या गावात त्यांनी सामुदायिक गोबर गॅस प्लँट बांधला, स्वयंपाकासाठी. बायकांचा धूर वाचेल, सरपण वाचेल, हिशेब चोख. तो बसला नाही. सगळ्या चुली पेटवायला गॅस पुरेना. शिवाय गावाची पहिली गरज गॅस नव्हतीच, प्यायचं पाणी होती. मग १९८७ मध्ये त्याच गॅसवर इंजिन चालवून बोअरचं पाणी वर काढलं, घरांत दिवे लावले, शेण आणून देणाऱ्याला पैसे ठेवले, आणि तो प्लँट चालला. गॅस तोच, शेण तेच, विचारायचा प्रश्न बदलला. रेड्ड्यांचं मोठेपण मला यात दिसतं, की प्रयोग फसल्यावर ते लॅबमध्ये परत गेले नाहीत आणि 'लोक अडाणी आहेत' असा निष्कर्षही काढला नाही.

आता रोख हिशेब. कारण 'ग्रेट यार' म्हणणाऱ्यांनी विचारलाच नाही, तर मीच सांगते.

शिकायचं कुठे? मुंबई आयआयटीत 'सितारा' हे केंद्र १९८५ पासून आहे आणि २००७ पासून तिथं टेक्नॉलॉजी अँड डेव्हलपमेंटचं एम.टेक. आहे. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, कुठूनही जाता येतं. त्या एम.टेक.मध्ये गावात जाऊन राहणंही येतं. तिथं काम केलेले मिलिंद सोहोनी मूळ संगणकशास्त्राचे, थिअरीत जटिल गणित करणारे, आणि तेच ठाणे-रायगडकडच्या नळयोजना का बंद पडतात हेही शोधणारे. म्हणजे दोन्ही एका डोक्यात मावतं. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा कॅम्पस आहे. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात गांधी आणि शांती अध्ययन शिकवतात. दिल्लीत जामियामध्ये २००४ पासून नेल्सन मंडेलांच्या नावाचं केंद्र आहे. बाहेर जायचंच असेल तर इंग्लंडमधलं ब्रॅडफर्ड (तिथं १९७३ मध्ये हा विभाग सुरू झाला), स्वीडनमधलं उप्साला, आणि कोस्टा रिकात तर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १९८० मध्ये स्थापलेलं शांतता विद्यापीठच आहे.

पैसे? गेटवर एम.टेक.ला महिना १२,४०० मिळतात. आईच्या भाषेत, 'पेट्रोलपाणी'. नेट-जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,०००. आपल्याकडे शेकड्यानं मुलं उचलणाऱ्या कंपन्यांच्या सुरुवातीच्या पॅकेजशी ताडून पाहा, ढोल वाजवणारे गप्प बसतील. पण पुढचं ऐका. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं सहज जातात. त्यानंतर प्राध्यापकाची कायम जागा निघेल तेव्हा निघेल, तोवर तासिका तत्त्वावर. सीएचबीवर शिकवणारे सर आपल्यात आहेतच, त्यांना विचारा सुट्टीतले महिने कसे काढतात. आणि जागा मिळाली तरी प्रमोशनला मोजतात पेपर. गावातल्या नळयोजनेचा चाळीस पानी मराठी रिपोर्ट ग्रामपंचायतीच्या कपाटात जातो, स्कोपसमध्ये नाही जात. तोच रिपोर्ट इंग्रजीत, 'केस स्टडी' म्हणून, गावाचं नाव गाळून लिहिला तर स्कोपसमध्ये जातो, पण मग त्या आजींच्या 'मंग?'चं काय? या विषयातल्या माणसाला आयुष्यभर हे दोन हिशेब वेगवेगळ्या वह्यांत लिहावे लागतात. मला याची भीती वाटते. समीकरणांची नाही वाटत, याची वाटते. रिचर्डसनची युद्धांवरची दोन मोठी पुस्तकं छापायला त्याच्या हयातीत प्रकाशक मिळाला नाही; त्यानं स्वतःच मायक्रोफिल्म काढून ठेवल्या. पुस्तकं आली १९६० साली. तो १९५३ मध्येच गेला होता.

सगळ्यांनी हेच करावं असं मी म्हणत नाहीये. शंभरातल्या पंच्याण्णवांनी खुशाल कोडिंग करावं, नाहीतर माझ्या एम.टेक.च्या काळात कँटीनचं बिल कोण भरणार? पण उरलेल्या पाचांना 'संत' म्हणून बाजूला काढू नका. आणि कॉलेजनं तो फील्ड प्रोजेक्ट नावाचा विषय तरी धड करावा. गुजरात विद्यापीठाच्या मुलांना घेऊन जे. सी. कुमारप्पांनी १९२९-३० मध्ये खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची घरोघरची आर्थिक पाहणी केली होती. कुमारप्पा अकाउंटंट होते, कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेले. त्या आकड्यांचा उपयोग सरळ होता : शेतसारा लोकांना झेपत नाही हे सरकारला दाखवता आलं. तेही विद्यार्थीच होते, त्यांच्याकडे तर स्टॉपवॉचही नव्हतं.

म्हणून मी विभागप्रमुखांना एक अर्ज दिलाय, त्यातली मागणी इथंही मांडते. फील्ड प्रोजेक्टचा रिपोर्ट मराठीत लिहायचा, आधी ग्रामपंचायतीत द्यायचा, आणि त्यावर तिथला आवक क्रमांक आणि शिक्का नसेल तर कॉलेजनं तो सबमिशनला घ्यायचाच नाही. व्हायवा ग्रामसभेत. एक्स्टर्नल म्हणून पाणी सोडणारे काका चालतील. हेड लॉसचं सूत्र त्यांना येत नसेल, पण कुठल्या आळीत किती मोटरी आहेत ते तोंडपाठ आहे. आणि पुढच्या वर्षीच्या बॅचनं नवीन गाव न घेता त्याच गावात जायचं, आधीच्यांनी मोजलेल्या नळांवर पुन्हा बादली धरायची.

सर म्हणाले, अर्ज बोर्ड ऑफ स्टडीजसमोर ठेवतो. मीटिंग जूनमध्ये आहे. तोवर ज्यांना त्या गावात यायचंय त्यांनी मला गाठा, आम्ही एप्रिलच्या पहिल्या रविवारी जातोय. बादल्या आपल्या आपण आणा. वीस लिटरच्याच.